लाईट नेमकी कुठं अडली? घरातल्या वायरिंगवरून संशोधन पद्धती शिकूया



पेट परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न नेहमीचा असतो. "गृहीतक, चल, नियंत्रण, वैधता, विश्वसनीयता या सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत. पण प्रत्यक्ष काम करताना त्यांचं करायचं काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज व्याख्या बाजूला ठेवून एक साधं काम हातात घेऊया: घरातल्या वायरिंगमधला बिघाड शोधणं. इथं चुकीचा निष्कर्ष काढला तर कुणाचे मार्क जात नाहीत, जीव जातो. एनसीआरबीच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालांत अलीकडच्या वर्षांत विजेच्या धक्क्यानं गेलेल्या माणसांची संख्या देशभरात दरवर्षी दहा हजारांच्या वर आहे.

उदाहरणासाठी जागा घेऊया ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांची. तानसा आणि भातसा धरणं शहापूरमध्ये, माळशेज घाट मुरबाडच्या टोकाला. खाली काळा कातळ, वर मुरमाचा किंवा मातीचा पातळ थर, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मे महिन्यात भेगाळलेली जमीन. वस्ती गावठाणात आणि विखुरलेल्या पाड्यांवर. हे वर्णन कशाला, ते पुढं कळेल, कारण जमीन आणि पाऊस हे दोन्ही या अभ्यासातले चल आहेत.

आधी सुरक्षितता, मग पद्धत

हा लेख वाचून कुणीही बोर्ड उघडायला बसू नये. वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनचं. मीटर, त्याचं सील, मीटरच्या आधीची सर्व्हिस वायर आणि खांब हे महावितरणचं क्षेत्र. त्याला हात लावायचा नाही, १९१२ वर तक्रार नोंदवायची. घरातला मेन स्विच बंद केला तरी सर्व्हिस वायर आणि मीटर जिवंतच असतात. तुमचं काम आहे बघणं, विचारणं, बटणं चालू-बंद करणं आणि लिहून ठेवणं. निम्म्याहून जास्त निदान एवढ्यानंच होतं, हे आपण बघणार आहोत.

१. आधी नकाशा काढा

संशोधनात ज्याला आपण अभ्यासाची चौकट म्हणतो, ती इथं कागदावर काढता येते. डीपीपासून (म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून) खांब, खांबावरून सर्व्हिस वायर, मग मीटर, मेन स्विच, बोर्ड, आणि बोर्डापासून एकेक पॉइंट. घरात येणाऱ्या तारा मुख्यतः दोन: फेज आणि न्यूट्रल. वीज फेजनं येते, उपकरणातून जाते आणि न्यूट्रलनं परत जाते. तिसरी तार अर्थिंगची. ती घराशेजारी जमिनीत पुरलेल्या सळईला किंवा पाइपला जोडलेली असते, निदान असायला हवी.

आता पाड्यावरचं एखादं घर डोळ्यासमोर आणा. मूळ घर कुडाचं. त्याला जोडून घरकुलाची पक्की खोली. मागे पत्र्याची मोरी. २०१७ मध्ये केंद्र सरकारची सौभाग्य योजना सुरू झाली. तिच्यात जोडणीबरोबर एका पॉइंटची वायरिंग आणि एलईडी दिवा मिळत असे. घराला लागतात मात्र दिवे, पंखा, टीव्ही, मोबाइलचे चार्जर, पुढं फ्रिज, कधी पाण्याची मोटार. मग त्याच एका पॉइंटवरून जॉइंट मारत मारत वायर मोरीपर्यंत जाते. नकाशा काढताना प्रत्येक जॉइंटवर फुली मारा. बिघाड सहसा तारेच्या मध्यावर होत नाही. जिथं दोन तारा पिळून टेप मारलेली असते, जिथं वायर पत्र्याच्या कडेला घासते, जिथं स्क्रू ढिला असतो, तिथं होतो.

२. तक्रार ही लक्षण असते, कारण नव्हे

"भिंतीला करंट उतरलाय." "लाईट डिम होते." "सारखं ट्रिप होतं." घरचे लोक जे सांगतात ते लक्षण आहे, आणि ते कधीही दुर्लक्ष करण्यासारखं नसतं. पण त्यात बऱ्याचदा कारणही मिसळलेलं असतं. "फ्रिज आणल्यापासून बिघडलंय" या वाक्यात निरीक्षण किती आणि निष्कर्ष किती, हे वेगळं करायला शिका.

प्रश्न कसा विचारता यावरही उत्तर ठरतं. "मावशी, फ्रिजला शॉक बसतो ना?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येणारच. त्याऐवजी असं विचारा:

"मावशी, नेमकं काय होतं ते सांगा. कुठं हात लावल्यावर?"
"मोरीचा पत्रा हाये ना, त्याला. झिणझिण्या येतात."
"रोज?"
"नाय, पाऊस असला का. आन् मोटार चालू असली का."

शेवटच्या उत्तरात दोन चल एकदम हाती आले, आणि फ्रिजचा विषयही निघाला नाही. शिवाय 'झिणझिण्या', 'करंट' आणि 'शॉक' हे शब्द लोक वेगवेगळ्या तीव्रतेसाठी वापरतात. तुमच्या वहीत त्यांचाच शब्द लिहा, भाषांतर नंतर करा.

हातात फॉर्म घेऊन गेलात तर काही जणांना वाटतं की तुम्ही मीटर तपासायला आलात. जिथं आकडा टाकलेला असेल किंवा शेजारच्या घरातून वायर घेतलेली असेल, तिथं ती माहिती तुम्हाला मिळणारच नाही. तुमचा डेटा अशा वेळी एका बाजूला झुकतो. आधी ओळख, मग हेतू सांगणं, मग संमती, आणि मग प्रश्न. संशोधनाच्या नैतिकतेचा धडा पुस्तकात शेवटी असला तरी पाड्यावर तो पहिला येतो.

३. एका लक्षणाला किमान तीन गृहीतकं

समजा तक्रार अशी आहे: संध्याकाळी दिवे मंद होतात. पहिलं सुचलेलं कारण धरून बसू नका. चार शक्यता मांडूया:

अ) डीपीवरच भार जास्त आहे, म्हणून सगळ्या पाड्याचं व्होल्टेज पडतंय.
आ) आपल्याच सर्व्हिस वायरचा किंवा मेन स्विचचा जॉइंट ढिला आहे.
इ) घरातल्या एकाच खोलीच्या लाईनवरचा जॉइंट ढिला आहे.
ई) लाईनची न्यूट्रल तार कुठंतरी तुटली किंवा ढिली झाली आहे.

आता प्रत्येकाला विचारा: "तू खरं असशील तर आणखी काय काय दिसायला हवं?" 'अ' खरं असेल तर शेजारच्या घरांतही त्याच वेळी दिवे मंद हवेत. 'आ' खरं असेल तर शेजारी ठीक, पण आपल्या घरात इस्त्री किंवा पाणी तापवायचा रॉड लावला की सगळेच दिवे खाली बसायला हवेत. 'इ' खरं असेल तर फक्त एका खोलीत फरक पडेल. आणि 'ई' खरं असेल तर काही घरांत दिवे मंद आणि काही घरांत नेहमीपेक्षा प्रखर दिसतील. तीन फेजच्या लाईनवर न्यूट्रल तुटली की घरांमध्ये व्होल्टेजची वाटणी बिघडते. कुठं ते २३० च्या बरंच खाली जातं, कुठं ४०० च्या जवळ चढतं. पाड्यावर एकाच रात्री चार घरांचे टीव्ही जळतात ते यामुळंच. अशा वेळी पुढचे प्रयोग नकोत. घराचा मेन बंद करायचा, शेजाऱ्यांना बंद करायला सांगायचं आणि १९१२ ला फोन लावायचा.

चार गृहीतकं वेगळी करायला लागलं काय? शेजाऱ्याच्या दारात जाऊन एक प्रश्न आणि रॉड लावून एक निरीक्षण. एक रुपयाचंही साधन नाही. संशोधनाच्या भाषेत शेजारचं घर हा तुमचा नियंत्रण गट झाला. ज्या चाचणीचं उत्तर चारही गृहीतकांत सारखंच येतं, ती कितीही अचूक केली तरी निरुपयोगी आहे. "दिवा मंद आहे का?" हे व्होल्टमीटर लावून दहा वेळा मोजलंत तरी चारांपैकी एकही शक्यता गळणार नाही.

४. साधन नेमकं काय मोजतं?

आता प्रत्येक घरात असणारं साधन: टेस्टर. टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे आणि नाही पेटला म्हणजे वीज नाही, असं आपण धरून चालतो. दोन्ही वाक्यं अपुरी आहेत.

टेस्टरच्या आतला छोटा निऑन दिवा अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. तो प्रवाह टेस्टरमधून, तुमच्या अंगातून जमिनीकडे जातो. म्हणजे साधनाचा एक भाग तुम्ही स्वतः आहात. तुम्ही कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा भर उन्हात बघत असाल, तर जिवंत तारेवरही तो पेटल्यासारखा दिसणार नाही. म्हणून जाणते वायरमन तीन पायऱ्यांनी तपासतात: आधी नक्की जिवंत असलेल्या ठिकाणी टेस्टर पेटतो का ते बघायचं, मग तपासायच्या ठिकाणी, मग पुन्हा जिवंत ठिकाणी. प्रयोगशाळेत याला आपण पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतो.

आता उलटं उदाहरण. घरातला एकही दिवा लागत नाही. टेस्टर लावला तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. घरातले म्हणतात, "डबल फेज आली." पण तसं असेलच असं नाही. जास्त संभाव्य कारण आहे तुटलेली न्यूट्रल. फेज घरात आली, चालू बटणाच्या बल्बमधून पलीकडे न्यूट्रलच्या तारेत गेली, पण पुढं परत जायचा रस्ताच तुटलेला. मग ती सगळी न्यूट्रल तार फेजसारखीच जिवंत होऊन बसते. टेस्टरनं खोटं सांगितलेलं नाही. तार जमिनीच्या तुलनेत जिवंत आहे का, एवढंच तो सांगतो. वीज परत जाऊ शकते का, हे त्याला कळतच नाही.

हे गृहीतक तपासायला सोपी भविष्यवाणी करता येते. सगळी बटणं बंद करा, सगळे प्लग काढा. न्यूट्रल तुटलेली असेल तर आता दुसऱ्या भोकात टेस्टर पेटायचा थांबेल, कारण फेजला तिथं पोचायचा पूलच उरला नाही. एका बल्बचं बटण पुन्हा चालू करा, टेस्टर पुन्हा पेटेल. भविष्यवाणी खरी ठरली की पुढचा प्रश्न: सगळं घर गेलंय की एकच खोली? सगळं घर असेल तर तुटलेली जागा मेन स्विच, मीटर किंवा खांबाकडे. एकच खोली असेल तर त्या खोलीच्या बोर्डात.

यात धोका कुठं आहे? दिवे बंद आहेत म्हणून "लाईटच नाही" असं समजून कुणीतरी उघड्या न्यूट्रलला हात लावतो, त्यात आहे. काळोख आहे म्हणून तार मेलेली आहे, हा निष्कर्ष पुराव्यातून निघत नाही.

मापनातला आणखी एक सापळा. ढिल्या जॉइंटचा रोध समजा अर्धा ओहम आहे. १५०० वॅटचा रॉड लावला की साधारण साडेसहा अँपिअर वाहतात. जॉइंटवर व्होल्टेज पडलं सव्वातीन. मल्टिमीटर २३० च्या जागी २२६-२२७ दाखवेल, आणि तुम्ही म्हणाल "ठीक आहे." पण त्या इवल्याशा जागेत सुमारे २१ वॅट उष्णता तयार होतेय, जवळपास सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी. ती कुडाच्या भिंतीत किंवा गवताच्या माळ्यावर असेल तर? इथं व्होल्टमीटरपेक्षा नाक चांगलं साधन आहे. जळकट वास, काळवंडलेला प्लग, गरम लागणारं सॉकेट हाही डेटाच आहे.

५. निम्मं-निम्मं करत शोध

आता 'सारखं ट्रिप होतं' या तक्रारीकडे वळू. पण आधी कोण ट्रिप होतंय ते बघा. एमसीबी पडते ती प्रवाह मर्यादेबाहेर गेला म्हणून. आरसीसीबी (लोक अजूनही ईएलसीबी म्हणतात) पडतो तो वेगळ्या कारणानं. फेजनं गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलनं परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. फरक पडला म्हणजे वीज कुठंतरी तिसऱ्याच वाटेनं जातेय: ओल्या भिंतीतून, पत्र्यातून, किंवा माणसाच्या अंगातून. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ३० च्या आत पडायलाच हवा आणि १५ पर्यंत पडता कामा नये. म्हणजे २३० व्होल्टला एखाद्या ओल्या जॉइंटचा रोध साडेसात हजार ओहमच्या आसपास आला की खेळ संपला.

समजा घरात आठ लाईनी आहेत. एकेक बंद करत गेलात तर वाईटात वाईट सात चाचण्या. त्याऐवजी चार बंद ठेवा. अजूनही पडतोय? मग दोष चालू असलेल्या चारांत. त्यातल्या दोन बंद करा. मग एक. तीन चाचण्यांत काम झालं. सोळा असत्या तर चार. पाड्यावरच्या घरात मात्र लाईनी दोन-तीनच असतात, तिथं निम्म्याचा हिशोब फारसा उपयोगी नाही. तिथं "सर्वात जास्त संशय कुणावर आणि सर्वात स्वस्त चाचणी कोणती" हा विचार करा: मोटार, मोरी, पडवीतला बाहेरचा बल्ब, या क्रमानं.

पण थांबा. या पद्धतीत दोन गोष्टी आपण न सांगता गृहीत धरल्या आहेत.

पहिली: एमसीबी बंद केली म्हणजे ती लाईन पूर्ण सुटली. साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते. एखाद्या लाईनची न्यूट्रल ओल्या भिंतीत अर्थिंगला टेकली असेल, तर सगळ्या एमसीबी बंद करूनही आरसीसीबी पडू शकतो. तेव्हा लोक म्हणतात, "ईएलसीबीच खराब आहे." काढून टाकतात. खरं तर त्यांच्या चाचणीला ती शक्यता दिसूच शकत नव्हती.

दुसरी: दोष एकच आहे. समजा फ्रिजमधून ६, मोटारीतून ७ आणि पडवीतल्या जॉइंटमधून ८ मिलिअँपिअर गळतायत. बेरीज २१. तुमचा आरसीसीबी समजा १८ ला पडतो. आता फ्रिज काढा, पडायचा थांबेल. "फ्रिजच दोषी!" पण फ्रिज परत लावून मोटार काढा, तरी थांबेल. पडवीची लाईन काढली, तरीही थांबेल. जो आधी काढाल तो दोषी ठरेल. यावर उपाय एकच: काढलेली वस्तू परत लावायची, लक्षण परत येतं का बघायचं, मग दुसरी काढायची. तुमच्या प्रबंधात 'अमुक घटकाचा प्रभाव' लिहिताना हे घर आठवा.

६. पाऊस: दोन गोष्टी एकदम बदलणारा चल

"पावसाळ्यात करंट उतरतो, उन्हाळ्यात नाही." शहापूर-मुरबाडच्या भागात हे वाक्य सहज ऐकू येईल. सरळ निष्कर्ष: पाणी शिरून वायरिंग खराब होतं. पण आवणीच्या दिवसांत पाऊस दोन गोष्टी बदलतो. जॉइंट ओले होतात, म्हणून गळती वाढते. आणि जमीन ओली होते, म्हणून अर्थिंग सुधारतं, शिवाय ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसातूनही प्रवाह सहज जातो. उन्हाळ्यात झिणझिण्या थांबल्या म्हणजे दोष गेला, असं म्हणता येत नाही. कदाचित दोष तिथंच आहे, आणि कोरडी जमीन व कोरडी चप्पल त्याला झाकून ठेवतायत.

दोन चल वेगळे करायचे असतील तर एकच बदला. मे महिन्यात, वायरिंग कोरडं असताना, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून वायरमनकडून अर्थिंगचा रोध आधी आणि नंतर मोजून घ्या. जॉइंट कोरडेच, बदलली फक्त जमीन. उलट बाजूनं, मेन बंद करून वायरमननं ५०० व्होल्टच्या मेगरनं तारांच्या आवरणाचा रोध एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा भर पावसात मोजला, तर जमीन बाजूला ठेवून फक्त वायरिंगची अवस्था कळते. किमान एक मेगाओहम हवा, असा दंडक आहे.

कातळाच्या जमिनीत आणखी एक गोष्ट होते, आणि ती या लेखातली सर्वात महत्त्वाची. खाली दगड असल्यानं सळई खोल जात नाही, अर्थिंगचा रोध सहज जास्त राहतो. समजा तो ५० ओहम आहे. आता फ्रिजच्या आत फेज सुटून बॉडीला चिकटली. अर्थिंगमधून जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपिअर. सहा अँपिअरची एमसीबीसुद्धा पडणार नाही, सोळाची तर नाहीच. फ्रिजची बॉडी जवळपास २३० व्होल्टवर तशीच उभी राहते. ओल्या अंगाचा रोध साधारण एक हजार ओहम धरला, तर हात लावणाऱ्यातून २३० मिलिअँपिअर जातील. "अर्थिंग आहे आणि एमसीबी आहे, म्हणजे सुरक्षित" हे गृहीतक इथं साध्या भागाकारानं कोसळतं. आरसीसीबी असेल तर तो ४.६ अँपिअरच्या कितीतरी आधीच, ३० मिलिअँपिअरलाच पडेल.

याच दोषाचं आणखी एक लक्षण असू शकतं: अचानक फुगलेलं बिल. ४.६ अँपिअर दिवसभर जमिनीत गेले तर साधारण २५ युनिट होतात. बिल भरमसाट आलं की घरचे मीटरवर संशय घेतात. कधी कधी मीटर बरोबर असतो आणि धोक्याचा इशारा देत असतो.

७. ३० मिलिअँपिअर हा आकडा आला कुठून?

आयता आकडा वापरण्यापूर्वी त्याचा उगम शोधायची सवय लावा. अमेरिकेत बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी १९४० च्या दशकापासून विजेच्या धक्क्याचा अभ्यास केला. किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार स्वतःहून सोडू शकतो, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजलं. १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया. सरासरी मर्यादा पुरुषांत सुमारे १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर आली. त्यापुढं स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. हृदयाची लय बिघडण्याची मर्यादा मात्र माणसांवर मोजता येणार नव्हती, तिथं प्राण्यांवरच्या मोजमापांवरून अंदाज बांधावे लागले. पुढं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनीच अमेरिकेतलं गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण विकसित केलं. ३० मिलिअँपिअर ही नंतर आंतरराष्ट्रीय मानकांत रूढ झालेली मर्यादा. ती 'शॉक बसणार नाही' याची हमी नाही. वीज इतक्या लवकर तुटेल की बहुतेकांचं हृदय वाचेल, एवढाच तिचा अर्थ.

आता संशोधक म्हणून प्रश्न विचारा. नमुन्यात स्त्रिया किती कमी? लहान मुलं तर त्यात नाहीतच. दिवसभर चिखलात आवणी करून, भिजल्या अंगानं मोरीत गेलेली बाई या नमुन्यात बसते का? आकडा चुकीचा आहे असं यातून म्हणायचं नाही. तो कुणावर, कशा परिस्थितीत मोजला हे माहीत असल्याशिवाय तो आपल्या पाड्याला लावायचा नाही, एवढंच.

नियमाकडेही असंच बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरचं गळतीरोधक उपकरण सांगितलं होतं, पण ठरावीक मर्यादेपेक्षा कमी भाराच्या जोडण्या त्यातून वगळल्या होत्या. दोन दिवे, पंखा आणि टीव्ही असलेलं पाड्यावरचं घर नेमकं या वगळलेल्या गटात येत होतं. हे नियम २०२३ मध्ये नव्यानं आले, म्हणून संदर्भ देताना वर्ष लिहायला विसरू नका. पण 'ज्यांना धोका जास्त तेच मोजणीबाहेर' ही गोष्ट तुम्हाला अनेक विषयांत भेटेल. अभ्यासाचा विषय शोधताना अशा फटींकडे बघा.

८. "आली लाईट!" म्हणजे निष्कर्ष नव्हे

टेप मारली, लाईट आली, सगळे खूश. लक्षण गेलं, पण कारण गेलं का? तीन गोष्टी तपासल्याशिवाय अहवाल लिहू नका.

पहिली, सापडलेल्या कारणानं सगळी लक्षणं समजतात का? मोरीचा जॉइंट सापडला, पण मावशींनी सांगितलेलं 'मोटार चालू असली का' हे त्यातून समजतं का? नसेल तर शोध अर्धाच झालाय.

दुसरी, परिस्थिती पुन्हा तशीच आल्यावर तपासलं का? पावसातला दोष उन्हात दुरुस्त करून 'यशस्वी' म्हणता येत नाही. पुढच्या सरीची वाट बघा.

तिसरी, तुमची चाचणी जे तपासते असं वाटतं, तेच ती तपासते का? आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबावं, ते चांगलंच आहे. पण त्यातून त्याची आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटण दाबल्यावर तो पडेलच. विश्वसनीय आणि वैध यांतला फरक विचारला तर हे उदाहरण द्या.

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. सारखा पडतो म्हणून आरसीसीबी काढून थेट जोडणी करणं. लक्षण त्याच क्षणी गायब होतं, घर शांत होतं, आणि गळती तशीच राहते. प्रतिकूल निरीक्षण गाळून टाकलं की आलेख सुरेख दिसतो, तसंच हे.

तुमच्यासाठी सराव

एक कोडं देतो. बटण बंद केलं तरी एलईडी बल्ब रात्री मंद पेटत राहतो. तीन गृहीतकं घ्या: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय, बटणातल्या छोट्या इंडिकेटर दिव्यातून सूक्ष्म प्रवाह जातोय, किंवा लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या तारांमुळं वीज झिरपल्यासारखी दिसतेय. यातलं एक जिवावर बेतू शकतं, बाकीची दोन निरुपद्रवी आहेत. कोणतं, ते आधी ठरवा. मग कोणतीही तार न उघडता, फक्त बघून आणि बदलून, तिन्हींत फरक करणाऱ्या चाचण्या कागदावर मांडा. प्रत्येक चाचणीसमोर तीन रकाने करा: गृहीतक खरं असेल तर काय दिसेल, खोटं असेल तर काय दिसेल, आणि दोन्हींत सारखंच दिसणार असेल तर ती चाचणी खोडून टाका.

उत्तरं वहीत लिहा आणि तुमच्या ओळखीच्या वायरमनदादांना दाखवा. आयटीआय करून वीस वर्षं खांबावर आणि माळ्यावर काम केलेला माणूस तुमच्या यादीत नसलेलं चौथं गृहीतक सांगेल, याची मला खात्री आहे. तेही लिहून घ्या, आणि कुणी सांगितलं ते नोंदवा.